पुढच्या फँटसी गेमसाठी जागा कुठली? आधी पाणी किती फुटांवर आहे ते ठरवा

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातली चार जणांची टीम आहे: एक प्रोग्रॅमर, एक थ्रीडी करणारी, एक चित्रकार आणि एक लिहिणारा. मोबाईलवरचा एक छोटा गेम करून झालाय. दोन वर्षं पुरेल एवढा पैसा हातात आहे आणि आता पीसीसाठी फँटसी आरपीजी करायचाय, म्हणजे एका पात्राच्या जागी बसून आपले निर्णय आपण घेत खेळायचा गेम. पण सेटिंगवरून, म्हणजे गेम कुठल्या जगात घडतो यावरून, तीन महिने घोडं अडलंय. एकाला युरोपीय थाटाचं राज्य हवंय, ड्रॅगन आणि जादूगारांसकट. दुसऱ्याला पन्हाळा आणि शिवकाळ हवाय. तिसरीला आकाशात तरंगणारी बेटं हवीत. चौथा म्हणतो, काहीही घ्या पण सुरू करा. यातलं कुठलं निवडावं, आणि कशाच्या आधारावर?

माझं मत आधी सांगून टाकतो. तिन्ही नको. तुमच्या पायाखालची नदी घ्या, तिला नवं नाव द्या, आणि महापूर हाच त्या जगाचा कायदा करा. हे का म्हणतोय ते आता सविस्तर लिहितो, कारण तुम्ही शेवटी दुसरंच काही निवडलंत तरी निवडायची कसोटी तुमच्या उपयोगी पडेल.

मी गेली अठरा वर्षं गेमची जगं रचायचं काम करतोय. आधी पुण्यात, मग बेंगळुरूत, आणि आता काही वर्षं घरातून, कोल्हापुरातूनच. मधल्या काळात एका मोठ्या प्रोजेक्टवर होतो. स्टुडिओचं नाव घेत नाही. त्या जगात आठ राज्यं होती: बर्फाचं, वाळवंटाचं, जंगलाचं, ज्वालामुखीचं, अशी. प्रत्येक राज्याचा हजार वर्षांचा इतिहास मी लिहिला होता, वंशावळींसकट. पहिल्या चाचणीला एक मुलगी खेळायला बसली. ती तासाभरात बर्फाच्या राज्यातून वाळवंटात पोचली. मी विचारलं, दोन्हीकडे काय फरक वाटला? तिनं स्क्रीनकडे बघून थोडा विचार केला आणि म्हणाली, "रंग."

ती खोटं बोलत नव्हती. दोन्हीकडे माणसं तेच बोलत होती, दुकानदार तेच विकत होते, लांडग्याच्या जागी विंचू आला होता एवढंच. वर्षभरानं तो प्रोजेक्ट बंद पडला. कारणं पैशाची होती, पण पैसा आठ ठिकाणी विभागला गेला तो त्या रंगांपायीच.

तेव्हापासून कुठलीही सेटिंग समोर आली की मी एकच गोष्ट विचारतो. या गावातला माणूस सकाळी उठल्यावर शेजाऱ्याला पहिला प्रश्न काय विचारतो? त्याला मी सकाळचा प्रश्न म्हणतो. तो प्रश्न सगळ्या गावाचा एकच असेल, आणि राजापासून गुराख्यापर्यंत प्रत्येकाला त्याच्याशी वेगवेगळं देणंघेणं असेल, तर ती जागा गेमला पुरते. प्रश्नच नसेल तर तुमच्याकडे नुसता रंगवलेला पडदा आहे.

गाजलेले गेम या नजरेनं बघा. 'गॉथिक' हा २००१ सालचा जर्मन गेम, पिरान्हा बाइट्स या स्टुडिओचा. खाणीत राबणाऱ्या कैद्यांची वसाहत, आणि तिच्यावर जादूचा घुमट. आत येता येतं, बाहेर जाता येत नाही. सगळ्यांचा सकाळचा प्रश्न एकच: बाहेर कसं पडायचं? त्यावर तीन मतं म्हणून तीन तळ, आणि तुम्ही कुठल्या तळात जाणार यावर खेळ. त्या घुमटाचा दुसरा फायदा बघा. नकाशा इथंच का संपतो याचं उत्तर त्यांना वेगळं शोधावं लागलं नाही. छोट्या टीमनं हे पाठ करून ठेवावं. २०१९ चा 'डिस्को एलिझियम' तर जवळपास एका वस्तीत घडतो. बंदरावर संप चालू आहे, वसतिगृहामागच्या झाडाला मढं लटकतंय, आणि संपाचं काय होणार हा प्रश्न प्रत्येक संभाषणाच्या तळाशी आहे. जागा लहान, पण सगळी भरलेली.

उलट उदाहरणही आहे. २०११ चा 'ड्रॅगन एज २' जवळपास सगळा एका शहरात, किर्कवॉलमध्ये, आणि कथा कित्येक वर्षांची. कल्पना चांगली होती. पण वर्षं उलटली तरी गल्ल्या त्याच राहिल्या आणि गुहा तर पुन्हा पुन्हा त्याच वापरल्या, म्हणून खेळाडूंनी नावं ठेवली. म्हणजे एकच जागा घ्यायची तर ती बदलली पाहिजे. हे लक्षात ठेवा, पुढं नदीपाशी आपण इथंच येणार आहोत.

आता तुमचे तीन पर्याय. युरोपीय राज्याबद्दल फार लिहीत नाही. त्यात वाईट काही नाही. 'ड्रॅगन क्वेस्ट'वाल्या जपान्यांनी १९८६ साली तेच घेऊन आपलंसं केलं. किल्ले, चिलखतं, घोडे यांचे तयार ॲसेट, म्हणजे गेममध्ये थेट वापरायची मॉडेलं-चित्रं, हेही स्वस्तात मिळतात, आणि चार जणांच्या टीमला हा मोह होणारच. पण त्या राज्यातल्या शेतकऱ्याच्या घरात चूल कुठल्या कोपऱ्यात असते, भाकरी कशाची असते, पाऊस लांबला तर त्याची बायको काय म्हणते, हे तुम्हाला दुसऱ्यांच्या गेममधूनच माहीत आहे. तुम्ही नकलेची नक्कल करणार. आणि ज्यांची मूळ प्रत आहे ते स्टुडिओ तुमच्या शंभरपट मोठे आहेत.

आकाशातल्या बेटांचंही थोडक्यात. मला ती कल्पना आवडते. पण तिचा सकाळचा प्रश्न अजून तुमच्यापाशी नाही. "आज शेजारचं बेट किती लांब गेलंय?" हा प्रश्न होऊ शकतो. तसं असेल तर बेटं सरकली पाहिजेत, दोर तुटले पाहिजेत, एका बेटावर लग्न आणि दुसऱ्यावर नवरदेव अडकला पाहिजे. तेवढं करायची तयारी असेल तर विचार करा. नुसतं दिसायला सुंदर म्हणून असेल तर सोडा.

पन्हाळ्यावर मात्र थांबावं लागेल, कारण त्या पर्यायात तुमचा जीव आहे हे प्रश्नातूनच दिसतं. माझाही आहे. १६६० चा वेढा म्हणजे सकाळच्या प्रश्नाचा आदर्श नमुना. बाहेर सिद्दी जौहर, आत महाराज. पाऊस लागला की वेढा ढिला पडेल ही आशा होती, पण त्यानं छावणीवर छपरं घालून वेढा चालूच ठेवला. गडावर रोज एकच प्रश्न असणार: धान्य किती उरलंय? अंबरखान्यात जाऊन त्या कोठारांच्या गार अंधारात उभं राहा, प्रश्न आपोआप ऐकू येतो. आणि अंधारबाव बघा. वरून एक इमारत, खाली उतरलं की विहीर, आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर पडायची चोरवाट. लेव्हल डिझाइन, म्हणजे खेळायच्या जागेची रचना, शिकवताना मी मुलांना तिथं नेतो. एकाच वास्तूत पाणी, पहारा आणि पळवाट तिन्ही बसवली आहेत, ती एकमेकांच्या आड येत नाहीत, आणि खाली उतरणाऱ्याला वरचा पहारा पार करूनच जावं लागतं. कुठलंही पुस्तक याहून चांगलं शिकवत नाही.

तरीही शिवकाळावर आरपीजी करू नका असंच मी सांगेन. आरपीजीचा प्राण म्हणजे खेळाडूला चुकायची, फितायची, हरायची, भलतंच काही करून बसायची मुभा. वेढ्यातला पहारेकरी खेळाडूच्या हातात दिला, तर त्याला चोरवाट शत्रूला विकता आली पाहिजे, नाहीतर निवडीला अर्थ नाही. आणि ती विकली तर १३ जुलै १६६० ची पहाट उगवतच नाही. शिवा काशीदांचं बलिदान, बाजीप्रभूंची घोडखिंड हे खेळाडूच्या बोटांच्या चपळाईवर सोडायचं का? माझं मन तयार होत नाही, आणि खेळणाऱ्या लाखो मराठी माणसांचंही होणार नाही. मग तुम्ही निवडी काढून टाकाल, खेळाडू ठरलेल्या वाटेनं चालेल, आणि आरपीजी उरणार नाही. ऐतिहासिक गेम करता येतात. १४०३ सालच्या बोहेमियावरचा 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' आहे, पण त्यात नायक लोहाराचा मुलगा आहे, इतिहासाच्या कडेला उभा. शिवाय साधारण १६ चौरस किलोमीटरचा तो नकाशा भरायला त्यांच्याकडे मोठा स्टुडिओ आणि बरीच वर्षं होती. तुम्ही वेढ्याची यंत्रणा उचला, धान्य मोजणारं गाव उचला, तीन मजली विहीर उचला. महाराजांना तिथं आणू नका.

आता नदी.

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात सकाळचा प्रश्न काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. "पाणी किती?" एवढंच. कशाचं पाणी, कुठलं, कोणी विचारत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. हे दोन आकडे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे सात. "कितवा उघडला?" हा पुढचा प्रश्न. ते दरवाजे माणूस उघडत नाही, पाण्याचा दाब त्यांना उघडतो. फँटसी लिहिणाऱ्यानं या एका वाक्यापाशी अर्धा दिवस बसावं: डोंगरात सात दरवाजे आहेत, ते कोणाच्याही हुकमाची वाट बघत नाहीत, आणि प्रत्येक उघडला की खालच्या खोऱ्यातल्या गावांचं नशीब बदलतं.

आणि बघा, आकडा एकच, पण प्रत्येकाचं देणंघेणं वेगळं. सुतारवाड्यातल्या बाईला ३९ च्या आसपासच सामान बांधावं लागतं. चिखली-आंबेवाडीकर जनावरं घेऊन शहरात येतात. पन्हाळ्याकडं जाणाऱ्याला रस्ता बंद व्हायच्या आत घर गाठायचं असतं. व्यापाऱ्याला माल वरच्या मजल्यावर चढवायचा असतो, आणि कोणा एकाला कंदिलाचं तेल चौपट भावानं विकायचं असतं. हे तुमचे पक्ष. त्यांना वेगळे झेंडे, वेगळ्या शपथा शिवत बसायची गरज नाही. कोण किती उंचीवर राहतो यावरून कोण कोणाच्या बाजूचा हे ठरतं.

माझ्या मामाचं घर नदीकाठच्या एका गावात आहे. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर आम्ही साफ करायला गेलो. चिखलाचा वास अंगाला चिकटून बसतो, तो आठवडाभर जात नाही. भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर एक सरळ रेघ होती, सुतारानं दोरी धरून मारल्यासारखी. रेघेच्या खाली सगळं एका रंगाचं, वर देवाची तसबीर जशीच्या तशी. त्या रेघेच्या बऱ्याच खाली, पोपडा निघालेल्या जागी, आजोबांनी कधीतरी गेरूनं केलेली जुनी खूण बाहेर आली होती. मामानं काही न बोलता गेरू भिजवला आणि नवीन रेघेवर वर्ष लिहिलं.

तुमच्या जगातली जादू तिथंच ठेवा असं मी सुचवतो. गावातल्या प्रत्येक जुन्या भिंतीवर पुराच्या रेघा आहेत, प्रत्येकीपाशी वर्ष आहे. पाणी ज्या रेघेपर्यंत चढतं, त्या वर्षाची माणसं पाणी उतरेपर्यंत परत येतात. एवढा एकच नियम. मग प्रश्न उभे राहतात ते बघा. एखाद्या आईला पाणी आणखी दोन हात चढावं असं वाटतं, कारण तिचा मुलगा वरच्या रेघेचा आहे. सावकाराला ते चढू नये असं वाटतं, कारण त्या वर्षीचं कागदपत्र त्यानं बदललंय आणि साक्षीदार त्या रेघेचा आहे. डोंगरातला पुढचा दरवाजा उघडेल अशी तजवीज करायची की अडवायची, हे खेळाडूच्या हातात. खलनायक काढायची गरज पडली नाही, तरी मुख्य क्वेस्ट, म्हणजे खेळाडूची मोहीम, तयार झाली.

आता हिशेब, कारण दोन वर्षांचा पैसा आहे. पाणी चढतं-उतरतं हे ऐकायला खर्चिक वाटतं. पण खळाळतं पाणी करू नका. पुराचं पाणी बघितलंय तुम्ही, ते गढूळ, सपाट आणि गप्प असतं. इंजिनमध्ये तो एक सपाट पृष्ठभाग आहे, त्याची उंची बदलायची. गढूळ म्हणजे तळ दाखवायला नको, तिथंही खर्च वाचला. पण उंची सलग बदलू देऊ नका, चारच पातळ्या ठेवा: कोरडी, इशारा, धोका, महापूर. कारण खरा खर्च पाण्याचा नाही, माणसांचा आहे. कोण कुठून चालू शकतो याचा नकाशा प्रत्येक पातळीला वेगळा काढावा लागेल. गावात ४० पात्रं धरली तर चार पातळ्यांचे १६० दिनक्रम होतात. प्रत्येकाची पातळीमागे तीन वाक्यं म्हटली तरी ४८० वाक्यं नुसती येता-जाता बोलायची, क्वेस्टची वेगळी. हे लिहिणाऱ्याचं वर्ष खाणार आहे, ते आत्ताच कागदावर मांडा.

बदल्यात काय मिळतं? एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचा एकच नकाशा, आणि त्यातून चार जगं. कोरड्या पातळीला घाटावरच्या छोट्या देवळांत चालत जाता येतं, महापुरात त्यांच्या कळसावरून होडी जाते. पूल धोक्याच्या पातळीला बंद, गावाचे दोन तुकडे. ज्या गल्लीतून पहिल्या तासात पळालात, तिथंच विसाव्या तासाला कौलांवरून चालताय. 'ड्रॅगन एज २'ला जे जमलं नाही ते तुम्हाला नदी करून देते.

होडी म्हटलं की एक गोष्ट सांगायलाच हवी. तुमच्या गेममध्ये ती आधी देऊच नका. काहील द्या. गुऱ्हाळातली ऊसाचा रस आटवायची ती मोठी कढई, पुरात तीच पाण्यावर घालतात. ती गोल असते, त्यामुळं तिला पुढं-मागं नसतं. एकानं एका बाजूनं काठी मारली की ती जागच्या जागी फिरते. समोर बसलेल्यानं उलट बाजूनं तेवढाच जोर लावला तरच पुढं सरकते. आणि कोणी उभा राहिला तर कलंडते. कंट्रोलरच्या दोन काड्या म्हणजे काहिलीतली दोन माणसं. आणि सोबत कोणाला घ्यायचं हा प्रश्नही आला: ताकदीचा पण घाबरट, की हलका पण धीराचा? ही वस्तू कुठल्याच तयार ॲसेटच्या दुकानात मिळणार नाही, आणि ट्रेलरमध्ये तीच लोकांच्या लक्षात राहील.

नकाशाची कड कशानं झाकायची? ऊसानं. हा सल्ला मी मनापासून देतो, कारण सह्याद्रीचं पावसाळी जंगल करायला गेलात तर पानांवर पानं, अर्धपारदर्शक थर, आणि साधा लॅपटॉप धापा टाकणार. ऊसात मात्र दोन हातांपलीकडं दिसतच नाही. बाहेरच्या दोन-तीन ओळी नीट करा, आत पाणंद सोडा, बास. भीतीही फुकट मिळते. संध्याकाळी पाणंदीतून सायकल हाणत घरी आलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

लढाईचं काय? तयार ॲनिमेशन बहुतेक युरोपीय सरळ तलवारीची मिळतात. त्यांच्या हातात दांडपट्टा दिला की खोटं लगेच उघडं पडतं. पट्ट्याची मूठ हे कोपरापर्यंतचं लोखंडी आवरण असतं, मनगट त्यात वळतच नाही. वार कोपर-खांदा-कंबर असा सगळ्या अंगातून येतो, पाय सतत गिरकीत असतात. म्हणजे बचाव नावाचं वेगळं बटण नको, फिरणं हाच बचाव. थांबला की लागला. एवढ्यावर तुमची लढाईची पद्धत उभी राहू शकते. कोल्हापुरात मर्दानी खेळाचे आखाडे अजून चालू आहेत. एखाद्या वस्तादांना रीतसर भेटा, मान द्या, योग्य मानधन द्या, आणि चार दिवस मोशन कॅप्चर करा, म्हणजे त्यांच्या हालचाली थेट कॉम्प्युटरवर टिपून घ्या. बजेट त्यासाठी राखून ठेवा, दुसरीकडं कुठंही कात्री लावा. कपड्यांत लावता येईल. धोतर आणि नऊवारीच्या निऱ्या हलताना नीट दिसाव्यात म्हणून मी एका कामात तीन महिने घालवलेत. त्या सुटत्या ठेवू नका, काष्टा घट्ट, ओचा खोचलेला, पुरात वावरणाऱ्या माणसासारखा. दिसायलाही खरं आणि करायलाही सोपं.

गावांच्या नावांवर फँटसीवाले फार वेळ घालवतात. आपल्या आसपासची नावं जरा मोठ्यानं वाचा: शिये, भुये, केर्ली, वडणगे. कोणा परक्याला ऐकवली तर त्याला ती जादूच्या जगातलीच वाटतील. ही जशीच्या तशी घेऊ नका, पण त्यांचा बांधा घ्या. आणि निगवे दुमाला, निगवे खालसा ही जोडी बघा. नाव एक, शेपूट वेगळं, कारण एकाचा वसूल इनामात गेलेला आणि दुसऱ्याचा थेट सरकारात. दोन शब्दांत तुम्हाला राजकारण मिळालं. तुमच्या नदीच्या दोन काठांवर एकाच नावाची दोन गावं ठेवा आणि पूल बुडू द्या.

या खोऱ्याला बाहेरचं जग आहे का, हा प्रश्न तुमचा लिहिणारा विचारेलच. त्यानं एकदा टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जावं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात मिळालेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती तिथली. ग्रीकांचा समुद्रदेव, पंचगंगेच्या काठी. समुद्र घाट उतरून पलीकडं. कोणीतरी ती बंदरापासून घाट चढवून इथवर आणली, आणि कोणीतरी ती जपली. तुमच्या गेममध्ये बाहेरचं जग म्हणजे एवढंच असू द्या: परक्या समुद्राचा एक देव, जो वाट चुकून नदीच्या गावात राहिला. पुराचं पाणी त्याला ओळखीचं वाटत असेल का? नकाशावर दुसरा खंड काढण्यापेक्षा हे कितीतरी मोठं जग दाखवतं.

देवांवर आलोच आहे तर एक काळजी सांगतो. अंबाबाई, जोतिबा ही आपल्याकडं पुस्तकातली पात्रं नाहीत, माणसं रोज दर्शनाला जातात. त्यांना गेममध्ये लढायला, हरायला, बक्षीस द्यायला उभं करू नका. मात्र त्यांच्या गोष्टींची हाडं बघा, ती सोन्याची आहेत. कोल्हासुराला देवीनं मारलं, आणि मरताना त्यानं मागितलं की या जागेला माझं नाव राहू दे. हरलेल्याच्या नावानं ओळखलं जाणारं शहर! त्या लढाईत साथ दिलेली त्र्यंबोली विजयाच्या सोहळ्यात विसरली गेली, रुसून टेकडीवर जाऊन बसली, आणि अजूनही ललितापंचमीला अंबाबाईची पालखी तिला भेटायला त्या टेंबलाईच्या टेकडीवर जाते, तिथं कोहळा फुटतो. जिंकल्यावर कोणाला बोलवायचं राहिलं, हा प्रश्न मी एकाही गेममध्ये मध्यवर्ती बघितलेला नाही. तुमच्या खोऱ्यात पूर ओसरल्यावर गावजेवण होऊ दे, आणि खेळाडूनं बोलावलेल्यांच्या यादीत मदत केलेला कोणी राहून गेला तर पुढच्या पावसाळ्यात त्याची किंमत मोजावी लागू दे. रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट तर तुम्ही लहानपणी ऐकलीच असेल, रोज गव्हाएवढा पुढं आणि तांदळाएवढा मागं, आणि तळ्यापाशी पोचला की जग बुडणार. जगाच्या अंताचं याहून सुंदर घड्याळ मला माहीत नाही. देव तिथंच ठेवा, घड्याळ कसं चालतं ते शिका.

"पण परदेशातला खेळाडू हे समजून घेईल का?" तुमच्या प्रश्नात हे नव्हतं, पण गुंतवणूकदार विचारेल. २००२ च्या 'मोरोविंड'मध्ये राखेची वादळं आहेत, झाडाएवढ्या अळंब्यांत राहणारे जादूगार आहेत, प्रवासाला अवाढव्य किडे आहेत. खेळाडूला काहीच ओळखीचं नसतं, कारण त्याचं पात्रही त्या बेटावर परकं आहे आणि लोक त्याला तोंडावर परकाच म्हणतात. तो विचारत, चुकत शिकतो. तुमचा नायकही घाट चढून कामाला आलेला, पूर न बघितलेला माणूस करा. पहिल्याच सकाळी त्याला कोणीतरी विचारू दे, "पाणी किती?" आणि त्याला उत्तर देता येऊ नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' काढला तेव्हा आपल्याकडच्या कथा बाहेरचे लोक खेळतात हे दिसलंच आहे. तो आरपीजी नव्हता.

आता करायचं काय ते. ॲसेट विकत घेऊ नका, इतिहास लिहू नका. पंधरा दिवसांत राखाडी ठोकळ्यांचं एक गाव उभं करा: एक घाट, एक पूल, दोन गल्ल्या, एक टेकडी, वीस घरं. रंग अजिबात देऊ नका. एका बटणावर पाण्याच्या चार पातळ्या. पाच पात्रं, प्रत्येकाला चार वाक्यं. मग ज्यानं तुमचं काम कधी बघितलं नाही अशा कोणालातरी बसवा, आणि पाणी दुसऱ्या पातळीवरून तिसरीवर नेताना त्याच्या चेहऱ्याकडं बघा, स्क्रीनकडं नको. तो आपणहून कोणाला तरी उचलायला मागं फिरला, तर जागा मिळाली. नुसता उंचावर जाऊन उभा राहिला, तर पाच पात्रांची वाक्यं पुन्हा लिहा आणि दुसऱ्या माणसाला बसवा. तीन खेपांनंतरही कोणी मागं फिरत नसेल, तर आकाशातली बेटं काढा आणि दोर तोडायला सुरुवात करा.